काळी माती, पांढरे धागे: फुगणाऱ्या जमिनीला आवर कसा घालायचा?

आजच्या भागाचा विषय अगदी शब्दशः आपल्या पायाखालचा आहे. ज्यांना ऐकायला सवड मिळत नाही आणि ज्यांना आकडे वहीत उतरवून घ्यायचे असतात, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द बरेचसे तसेच ठेवलेत, फक्त पाल्हाळ कापलाय.

नाशिकच्या चारही बाजूंनी शेतं एन.ए. होऊन प्लॉट पडतायत. काल-परवापर्यंत जिथे द्राक्षबाग होती, कांदा होता, तिथे आज कंपाउंडची भिंत आणि बंगला. घर बांधून होतं, वास्तुशांत होते, आणि दोन-तीन पावसाळे गेले की खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग वर चढायला लागते. दार घासतं. कंपाउंडची भिंत मधेच बाक काढते. मिस्त्री म्हणतो सिमेंट कमी पडलं, मालक म्हणतो मिस्त्रीने पैसे खाल्ले. बऱ्याचदा दोघांचंही म्हणणं बाजूलाच असतं आणि खरा कारभार खालची काळी माती करत असते.

यावर अलीकडे एक उपाय ऐकू येतो. मातीत प्लास्टिकचे बारीक धागे मिसळा, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन फायबर, की माती फुगायची थांबते. हे खरं आहे का? कितपत खरं? आणि कुठे वापरायचं, कुठे नाही? आज हेच बघू.

काळी आणि पांढरी

आपल्याकडे गावाचे दोन भाग मानायची जुनी रीत आहे. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची जागा ती पांढरी. गावगाड्याच्या जुन्या व्यवहारात हे दोन शब्द कायम जोडीने येतात. घरं पांढरीत बांधायची, काळी पिकासाठी ठेवायची. या वाटणीमागे एकच कारण नव्हतं, पण भूतंत्राच्या अंगाने पाहिलं तर ती शहाणपणाची होती. पांढरीची माती पाण्याने फारशी हलत नाही. काळी हलते. आज शहर पांढरी सोडून काळीत उतरलंय, आणि आपली बरीच दुखणी तिथून सुरू होतात.

नाशिक जिल्ह्यात मातीचे चार ढोबळ प्रकार सांगतात: काळी, माळ, कोरळ आणि बरड. पश्चिमेला इगतपुरी, त्र्यंबक, पेठ या डोंगरपट्ट्यात माती उथळ, तांबूस, खाली लगेच मुरूम किंवा खडक. पूर्वेला गोदावरीच्या खोऱ्यात, निफाडच्या बाजूला उतरलात की खोल काळी लागते. म्हणजे एकाच जिल्ह्यात एका माणसाला चार फुटांवर खडक लागतो आणि दुसऱ्याला पंधरा फूट खणलं तरी काळीच. म्हणून "माझ्या मेव्हण्याने असं बांधलं, त्याला काही झालं नाही" हा सल्ला आपल्या जिल्ह्यात विशेष धोक्याचा.

माती फुगते म्हणजे नेमकं काय होतं?

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर साचले. त्यातून आपला काळा पाषाण झाला, म्हणजे बेसॉल्ट. हा खडक कुजून, झिजून जी माती झाली तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर असतं. फ्रान्समधल्या मॉन्टमोरिलॉन गावावरून हे नाव पडलं, पण खनिजाची सुबत्ता आपल्याकडेही आहे.

या खनिजाची रचना पुस्तकाच्या पानांसारखी असते. एकेक पान सुमारे एक नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पानांवर ऋण विद्युतभार असतो. तो सांभाळायला पानांच्या मधे सोडियम, कॅल्शियम असे धनभारित कण बसलेले असतात. पाणी आलं की ते या कणांभोवती गोळा होतं, पानांच्या मधे शिरतं आणि पानं एकमेकांपासून दूर सरकतात. एक पान सरकलं तर काही कळणार नाही. पण एका ग्रॅम शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटची सगळी पानं उलगडून अंथरली तर सातशे-आठशे चौरस मीटर भरतात. आपल्या भाषेत सात-आठ गुंठे! एका ग्रॅममध्ये! इतक्या क्षेत्रावर पाणी बसायला लागलं की माती फुगणारच.

उन्हाळ्यात उलटं होतं. पाणी निघून जातं, पानं जवळ येतात, माती आक्रसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याला या भेगांचा त्रास तसा कमी. माती आपोआप उलथते, हवा खेळते. घराला मात्र हीच भेग बाधते, कारण जूनचा पहिला मोठा पाऊस तिच्यातून थेट खोल उतरतो.

आपल्याकडच्या काळ्या मातीत हा ओल-सुकीचा खेळ साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत चालतो असं धरतात. त्याखाली वर्षभर ओलावा जवळपास सारखा, म्हणून हालचालही नगण्य.

आता घराचा विचार करा. घराखालच्या मधल्या भागावर ऊन पडत नाही, तिथला ओलावा टिकून राहतो. कडेची माती मात्र दर उन्हाळ्यात सुकते आणि दर पावसाळ्यात फुगते. त्यात एका कोपऱ्यात न्हाणीघराचं पाणी मुरतंय, दुसऱ्या कोपऱ्यात मोठं झाड ओल शोषतंय. म्हणजे घराचा एक कोपरा वर, दुसरा खाली. सगळं घर सारखं वर गेलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. भेग पडते ती असमान हालचालीने.

वर उचलण्याची ही ताकद किती? एकमजली हलक्या घराच्या पायाखाली चौरस मीटरला साधारण पाच ते दहा टन भार येतो. फुगणाऱ्या काळ्या मातीचा दाब काही ठिकाणी दहा-वीस टनांपर्यंतही जातो. म्हणून मोठ्या इमारतीपेक्षा छोटं घर, कंपाउंड, फरशी, कालव्याचं अस्तर आणि रस्ता यांचे हाल जास्त. जे हलकं ते आधी उचललं जातं.

रॉकेलची परीक्षा

आपली माती किती फुगते हे कळायला एक सोपी, स्वस्त चाचणी आहे. भारतीय मानक २७२०, भाग ४०. नाव मुक्त फुगवटा निर्देशांक. प्रयोगशाळेत भट्टीत वाळवलेली, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळलेली दहा-दहा ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन नळकांड्यांत टाकतात. एकात शुद्ध पाणी, दुसऱ्यात रॉकेल. चोवीस तास थांबायचं. रॉकेलला पानांच्या मधे शिरता येत नाही, त्यामुळे त्यातली माती फुगत नाही. पाण्यातली फुगते.

समजा रॉकेलमध्ये मातीने १० मिलिलिटर जागा घेतली आणि पाण्यात १८. फरक ८, म्हणजे निर्देशांक ८० टक्के. भारतीय मानक १४९८ प्रमाणे ५० टक्क्यांच्या आत असेल तर फार चिंता नाही, ५० ते १०० म्हणजे मध्यम, १०० ते २०० म्हणजे गंभीर आणि २०० च्या वर म्हणजे अतिगंभीर. राष्ट्रीय महामार्गांच्या कामात तर ५० टक्क्यांहून जास्त निर्देशांक असलेली माती भरावाला वापरूच नये असा दंडक आहे.

माती तपासणीचं नाव निघालं की नाशिककरांना दिंडोरी रोडवरची मेरी आठवते. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, स्थापना १९५९. म्हसरूळकडे जाताना आपण तिच्यावरून रोज जातो, पण आत मृद्‌यांत्रिकीचा वेगळा विभाग आहे आणि राज्यातल्या धरणांच्या, कालव्यांच्या मातीची परीक्षा तिथे होते, हे अनेकांना ठाऊक नसतं. गंगापूरसारखी मातीची धरणं ज्या शहराच्या उशाला आहेत, तिथे ही संस्था असणं साहजिकच.

धाग्यांच्या आधीचे उपाय

धाग्यांकडे वळण्याआधी जुने उपाय माहीत हवेत, नाहीतर नव्याची किंमत कळत नाही.

पहिला उपाय: काळी काढून टाका आणि मुरूम भरा. थर दोन-तीन फुटांचा असेल तर याहून चांगलं काही नाही. पण काळी पंधरा फूट असेल तर किती काढणार?

दुसरा उपाय: हलणाऱ्या थराच्या खाली जा. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. जमिनीत खोल गोल भोक पाडायचं, त्याच्या तळाशी भोक फुगवून कंदासारखा आकार द्यायचा आणि सळया घालून काँक्रीट भरायचं. वरची माती कितीही उचलायला बघो, खालचा कंद नांगरासारखा घट्ट धरून ठेवतो. भारतीय मानक २९११, भाग ३ यावरच आहे.

तिसरा उपाय आपल्या राज्याचा अभिमान म्हणावा असा. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी १९७० च्या दशकात दाखवलं, की फुगणाऱ्या मातीवर साधारण एक मीटर जाडीचा, न फुगणाऱ्या पण चिकटपणा असलेल्या मातीचा थर दाबून बसवला तर खालचा फुगवटा आवरला जातो. नुसती वाळू उपयोगाची नाही, तिला चिकटपणा नाही आणि ती पाणी खाली सोडते. थोडी चिकणमाती असलेला मुरूम चालतो. याला सीएनएस थर म्हणतात. कालव्यांच्या अस्तरीकरणासाठी तो भारतीय मानक ९४५१ मध्ये आलाय.

चौथा उपाय चुना. त्याच्याकडे पुन्हा येऊ.

या सगळ्यांना मर्यादा आहेत. चांगला मुरूम मिळायला टेकडी फोडावी लागते, आणि आपल्या आसपासच्या टेकड्यांचं काय झालंय ते मी सांगायला नको. पाइल घराला परवडतात, पण गावच्या पाच किलोमीटर रस्त्याखाली कोण पाइल घालणार? म्हणून प्रश्न आला: जागेवरचीच काळी माती थोडी सुधारून वापरता येईल का?

धागा काय करतो?

कल्पना मुळीच नवी नाही. कुडाची भिंत लिंपताना मातीत भुसा, गवत, काड घालून पायाने तुडवतात ना? आजीला विचारलंत तर कारण सांगेल: "नाहीतर भिंत तडकते." हेच ते. मातीला दाब सोसतो, ताण सोसत नाही. काडी ताण घेते. १९६० च्या दशकात आंरी विदाल या फ्रेंच अभियंत्याने मातीच्या भरावात धातूच्या पट्ट्या घालून रीइन्फोर्स्ड अर्थ हे तंत्र उभं केलं. पुढे पट्ट्यांच्या जागी सगळीकडे विखुरलेले बारीक धागे आले.

काडीची अडचण ही की ती कुजते. पॉलिप्रॉपिलीन कुजत नाही, पाणी शोषत नाही, क्षार आणि चुना यांनाही दाद देत नाही. प्लास्टर-काँक्रीटमध्ये टाकायला बांधकाम साहित्याच्या दुकानात जी पांढरी धाग्यांची पुडी मिळते, ती बहुतेक याचीच. धागे ६ पासून २४ मिलिमीटरपर्यंत लांब असतात. बारा मिलिमीटर लांब आणि ४० मायक्रॉन जाड धागा धरला, तर एका ग्रॅममध्ये सत्तर हजारांवर धागे बसतात.

आता नीट लक्ष द्या, कारण इथेच विक्रेत्यांच्या बोलण्यात गफलत होते. धागा मातीचं रसायन बदलत नाही. खनिजाच्या पानांमधे पाणी शिरायचं ते शिरतंच. धागा तीन गोष्टी करतो.

एक, माती फुगताना धाग्याच्या अंगावरून घसरू पाहते. घर्षणामुळे धागा ताणला जातो आणि ताणलेला धागा मातीला मागे धरतो. आधी ओढ, मग अटकाव.

दोन, माती सुकताना भेग पडू लागली की धागे भेगेच्या दोन्ही काठांना टाक्यांसारखे धरतात. एक रुंद भेग पडण्याऐवजी अनेक केसासारख्या पडतात. मला यातलं हे काम सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण रुंद भेग नाही तर पुढच्या पावसाचं पाणी एकदम खोल उतरत नाही, आणि पुढचा फुगवटा कमी आणि सावकाश होतो.

तीन, माती फुटण्याची रीत बदलते. नुसती सुकी काळी एका दाबाला फटकन फुटते. धागे असले की ती ताणत, वाकत जाते आणि अचानक सोडत नाही.

चौथी गोष्ट कधीकधी सांगतात: धाग्यांनी जागा घेतली म्हणून फुगणारी माती तेवढी कमी झाली. ती हिशोबात बसते का बघा. एक घनमीटर दाबलेल्या मातीचं सुकं वजन सुमारे दीड टन. त्यात अर्धा टक्का धागा म्हणजे साडेसात किलो. पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकं, घनमीटरला सुमारे ९१० किलो. म्हणजे साडेसात किलोने जागा घेतली सव्वाआठ लिटर. हजार लिटरमध्ये सव्वाआठ! एक टक्काही नाही. तेव्हा जो काही परिणाम दिसतो तो पकडीचा, जागा अडवल्याचा नाही.

प्रयोग काय सांगतात?

इथे थोडं सबुरीने घेऊ, कारण प्रयोगांचं उत्तर एका ओळीचं नाही.

आयआयटी मुंबईचे प्रा. बी. व्ही. एस. विश्वनाथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. फुगणाऱ्या मातीत त्यांनी ०.२५ आणि ०.५० टक्के पॉलिप्रॉपिलीनचे धागे मिसळून फुगवटा मोजला. धाग्यांमुळे फुगवटा कमी झाला. गंमत अशी, की धाग्याची लांबी त्याच्या रुंदीच्या मानाने कमी होती, तिथे परिणाम जास्त दिसला. म्हणजे लांब धागा म्हणजे जास्त चांगला, असं सरळ गणित नाही.

याच्या आधी, २००० मध्ये, अमेरिकेत टेक्ससमधल्या आनंद पुप्पाला आणि त्यांच्या सहकाऱ्याने फुगणाऱ्या मातीवर असेच प्रयोग केले. मातीची ताकद वाढली, सुकतानाचं आक्रसणं कमी झालं, फुगण्याचा दाब कमी झाला. पण वर काहीच भार नसताना माती मोकळी किती फुगते, ते मात्र वाढलं!

दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले की धडा मिळतो. धागा मिसळलेली माती नीट दाबली गेली नाही तर आत पोकळ्या राहतात आणि पाण्याला वाटा मिळतात. मातीचा प्रकार, धाग्याचा आकार, दाबण्याची पद्धत, वरचा भार, यांतलं काहीही बदललं की आकडा बदलतो. म्हणून कुणी पत्रक दाखवून "फुगवटा इतके टक्के कमी" असं सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या मातीत, आणि किती भाराखाली?

चुन्याची जोडी

धागा रसायन बदलत नाही, पण चुना बदलतो. चुन्यातलं कॅल्शियम पानांमधल्या सोडियमची जागा घेतं. पानं जवळ येतात, कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, चिकट काळी काही तासांत भुसभुशीत होते. पुढे आठवडे-महिने चुना मातीतल्या सिलिकाशी संयोग पावून सिमेंटसारखी पकड तयार करतो. फुगवटा मुळातून कमी होतो.

चुन्याचा दोष असा, की माती कडक होते पण ठिसूळही होते. वजनदार ट्रक गेला, थर वाकला की तडा. इथे धागा कामाला येतो. चुन्याने फुगवटा मारायचा, धाग्याने ठिसूळपणा. रस्त्याच्या थरासाठी ही जोडी नुसत्या धाग्यापेक्षा नक्कीच जास्त भरवशाची.

दोन सूचना लिहून ठेवा. चुना वापरणार असाल तर धागा पॉलिप्रॉपिलीनचाच घ्या. पॉलिएस्टर, म्हणजे बाटल्यांचं प्लास्टिक, चुन्याच्या तीव्र अल्कलीत हळूहळू झिजतं. दुसरी, मातीत सल्फेट जास्त असेल तर चुना उलटतो. त्यातून तयार होणारं एट्रिंगाइट नावाचं संयुग स्वतःच फुगतं, आणि भीक नको पण कुत्रा आवर अशी गत होते. म्हणून सल्फेटची तपासणी आधी.

गावच्या रस्त्याचा हिशोब

एक किलोमीटर रस्ता घेऊ, पावणेचार मीटर रुंद, एक गाडी जाईल एवढा. त्याखालचा ३० सेंटिमीटरचा थर सुधारायचा. एक हजार गुणिले ३.७५ गुणिले ०.३, म्हणजे ११२५ घनमीटर. पाव टक्का धागा घातला तर सुमारे ४.२ टन, अर्धा टक्का घातला तर ८.४ टन. चार टक्के चुना घातला तर घनमीटरला ६० किलो, म्हणजे साडेसदुसष्ट टन.

धाग्याचा आणि चुन्याचा आजचा दर तुमच्या बाजारात विचारा आणि मुरूम आणून एवढाच थर भरण्याच्या खर्चाशी ताडून बघा. मुरमाची खाण पाच किलोमीटरवर असेल तर धागा बहुधा हरतो. खाण पन्नास किलोमीटरवर असेल किंवा परवानगीच मिळत नसेल, तर गणित पालटतं. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची मोठी कामं चालली असताना मुरमावरचा ताण किती आहे, हे लक्षात घेता हा विचार निव्वळ पुस्तकी राहत नाही.

कामावर काय बिघडतं?

प्रयोगशाळेत दोन किलो माती हाताने कालवणं सोपं. साइटवर खरी अडचण मिसळण्याची. धागे एकत्र येऊन कापसासारखे गोळे होतात. गोळा म्हणजे मातीत मऊ भोक, तिथे ताकद नाही. काळी ओली असेल तर ढेकळं फुटत नाहीत, आणि अगदी कोरडी असेल तर धागे वाऱ्याने उडतात. ओतीव पाण्यावर ते तरंगतात, ते वेगळंच.

म्हणून क्रम असा. पाऊस नसताना काम धरायचं. माती आधी उन्हात वाळवून ढेकळं फोडायची. आपल्याकडे रोटाव्हेटर गावोगावी आहे, तो इथे उत्तम चालतो. मग चुना ठरला असेल तर तो पसरून मिसळायचा. थोडं पाणी शिंपडून माती ओलसर करायची, आणि त्यानंतर धागे थोडे थोडे, दोन-तीन हप्त्यांत हाताने पसरून पुन्हा रोटाव्हेटर फिरवायचा. गोळे दिसले तर हाताने सोडवायचे, कंटाळा करायचा नाही. योग्य ओलाव्यावर थर-थर दाबायचे आणि लगेच वरचा थर टाकून झाकायचं. उघडं राहिलं तर ऊन पॉलिप्रॉपिलीनला खातं.

धाग्याचं प्रमाण वाढवत नेलं तर काम सुधारत जातं असंही नाही. एका मर्यादेपुढे माती दाबलीच जात नाही, घनता उतरते. बहुतेक कामं पाव ते एक टक्क्याच्या आत असतात.

आणि हेही स्पष्ट बोलू या: हे प्लास्टिक आहे. एकदा मिसळलं की परत निवडता येत नाही. डांबराखाली, भरावात, झाकलेल्या थरात ठीक. जी जमीन उद्या पुन्हा नांगराखाली जाणार, जिथून माती वाहून ओढ्यात जाणार, तिथे नको. बांधावर, शेततळ्याच्या उघड्या काठावर हे धागे पसरू नका. त्या जागी मुरूम किंवा चुना बरा.

मग घराचं काय?

श्रोत्यांचा खरा प्रश्न हाच असतो, म्हणून सरळ सांगतो. घराच्या पायाखाली धागा हा खोल पायाला पर्याय नाही. तुम्ही वरची दोन फूट माती धाग्याने बांधलीत, पण हालचाल साडेतीन मीटरपर्यंत चालते. खालची माती उचलेल तेव्हा तुमचा सुधारलेला थर घरासकट वर जाईल. "फायबर टाका आणि पाया उथळ ठेवा" असं कुणी म्हणालं, तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

धागा कुठे उपयोगी? जोत्यातल्या भरावात, अंगणाच्या फरशीखाली, कंपाउंडच्या आतल्या रस्त्याखाली, पार्किंगखाली. म्हणजे जिथे थोडी हालचाल चालेल पण रुंद भेग चालणार नाही, तिथे.

घरासाठी करायच्या गोष्टी जुन्याच आहेत, आणि सगळ्या मिळून भेगा दुरुस्त करण्याच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतात. प्लॉट घेण्याआधी एक खड्डा घ्या आणि काळी किती खोल आहे ते डोळ्यांनी बघा. मुक्त फुगवट्याची चाचणी करून घ्या. निर्देशांक ५० च्या वर आला तर स्थापत्य अभियंत्याला आकडा दाखवा आणि विचारा: काळी काढायची, सीएनएस थर घालायचा, की पाइल? घराभोवती चार-पाच फुटांचा पक्का उतार करा, पावसाचं पाणी पायाशी मुरू देऊ नका. न्हाणीघराची आणि शोषखड्ड्याची ओल पायापासून लांब न्या. मोठी झाडं भिंतीला खेटून लावू नका. आणि बांधून झालेल्या घराला भेग पडली असेल तर भरण्याआधी एक वर्ष तिच्यावर पेन्सिलने तारीख आणि रुंदी लिहीत जा. मे महिन्यात एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरी अशी ती उघड-मीट करत असेल तर दोष मातीचा आहे, आणि नुसत्या पुट्टीने तो झाकणार नाही.

रस्त्याच्या ठेकेदारांना आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना एवढंच सांगणं: धागा हे औषध आहे, पण ते कोणत्या रोगावर आणि किती मात्रेत हे तुमच्याच मातीच्या चाचणीने ठरवा. आधी शंभर मीटरचा तुकडा करून बघा, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या, मग पुढचा किलोमीटर.

काळी माती वाईट नाही बरं का. तिच्यावरच आपली द्राक्षं, कांदे, ऊस उभे आहेत. ती पाणी धरून ठेवते म्हणून पीक तगतं, आणि पाणी धरून ठेवते म्हणूनच घर हलतं. गुण तोच. आपण तिच्यावर काय ठेवतो ते बघून वागायचं.

तुमच्या गावची काळी किती खोल आहे आणि घरांनी काय त्रास दिला, ते जरूर कळवा. पुढच्या भागात शोषखड्डे आणि पावसाचं पाणी मुरवणं यावर बोलू, कारण पाणी मुरवा म्हणणारे आणि पायाशी मुरवू नका म्हणणारे आम्ही एकच आहोत, तेव्हा खुलासा करायलाच हवा! तोवर नमस्कार.